गिअरबॉक्स बदलला, एक्सलचे काय?

२००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या वस्त्यांत शिरले. तिथल्या सोनिवलीसारख्या भागात पावसाळा जवळ आला की गाडी कुठे उभी करायची, हा प्रश्न म्हणूनच खरा असतो. गिअरबॉक्सला हवेसाठी बारीक तोंड असते. पाणी त्याच्या वर चढले की आत जाते, ऑइल दुधाळ होते, बेअरिंग गंजू लागतात. ऑइल लगेच बदलले तर गिअरबॉक्स बहुधा वाचतो. हयगय झाली की कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराची वाट धरावी लागते.

तिथे मिळालेला गिअरबॉक्स इंजिनला बसला म्हणजे काम झाले, ही समजूत घातक आहे. कुर्ल्यातच बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीत ती काहीशी चालून जाई. तिची ताकद मागच्या चाकांना जायची, त्यामुळे गिअरबॉक्स बदलताना मुख्यतः प्रोपेलर शाफ्ट पाहावा लागे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा काळ सुरू झाला. या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि दोन्ही एक्सल थेट त्यात शिरतात.

एक्सलचे बाहेरचे टोक चाकाच्या हबचे, आतले गिअरबॉक्सचे. गिअरबॉक्स दुसऱ्या मॉडेलचा असेल तर आतल्या टोकाचे दाते, जाडी, सर्क्लिपची खाच आणि ऑइल सील बसण्याची जागा त्याच्याशीच जुळली पाहिजे. बाहेरचे दाते आणि एबीएसची रिंग मात्र मूळ गाडीचीच हवी. नुसते दाते मोजून भागत नाही. संख्या तीच, पण व्यास वेगळा, असेही असते.

खरी कसोटी लांबीची. सस्पेन्शन वरखाली होताना एक्सलच्या आतल्या टोकाचा जॉइंट आतबाहेर सरकतो. एक्सल लांब असेल तर खड्ड्यात तो तळाला टेकून डिफरन्शियलच्या बेअरिंगवर घाव घालतो. आखूड असेल तर चाक लोंबताच जॉइंट निसटू शकतो. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना, चाक पूर्ण लोंबत असताना आणि पूर्ण दाबलेले असताना, अशा तिन्ही स्थितींत माप घ्यायला हवे. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजावी, कारण गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसतो.

लांबी जुळवण्यासाठी शाफ्ट कापून वेल्डिंग करून देणाऱ्याला साफ नकार द्यावा. शाफ्टला उष्णता देऊन आणलेला कडकपणा वेल्डिंगने बिघडतो. एक शाफ्ट तुटला की साध्या डिफरन्शियलची ताकद तुटलेल्या बाजूलाच वाया जाते आणि गाडी जागीच थांबते. ऑटोमॅटिक गाडी चढावर ‘पी’ टाकूनही धरत नाही.

त्यापेक्षा त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाच्या आसपासचा गिअरबॉक्स घ्यावा आणि वेगळा असेल तर तो ज्या गाडीतून काढला तिचे एक्सलही मागावेत. थोडे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्यावेत. बसवताना ऑइल सील नवेच घालावे. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरावे, कटकट आवाज येतो का ऐकावे, आणि काही दिवसांनी सीलखाली ऑइलचा ओघळ दिसतो का ते पाहावे.