जावयाचा मान आणि 'सैराट'

सुटीत लेक-जावई मुक्कामाला यावेत, पुरणपोळीचा बेत व्हावा आणि संध्याकाळी मेहुण्यांनी हट्ट धरून जावयाला सिनेमाला न्यावे, ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची जुनी हौस. २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन उन्हाळ्याच्या सुटीत प्रदर्शित झालेला 'सैराट' अशा कुटुंबांनी मोठ्या हौसेने पाहिला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रीकरणही बरेचसे याच परिसरातले. 'झिंगाट'च्या तालावर प्रेक्षक नाचले.

परंतु ज्या परश्यासाठी ते नाचले, त्याच्या नशिबी सासुरवाडीचा पाहुणचार नव्हता. त्याची जात आर्चीच्या घराला मान्य नव्हती. आई-बाप होऊन संसारात स्थिरावलेल्या त्या दोघांच्या दारी अखेर भाऊ येतो, तो आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची चहा ठेवते, आणि त्याच घरात दोघांची हत्या होते. माहेरच्या मायेच्या आडून मृत्यू यावा, याहून भीषण उपरोध कोणता?

त्या शेवटाने डोळे पुसणाऱ्यांपैकी कितींनी परजातीत लग्न केलेल्या स्वतःच्या लेकीला सणाचे आवतण धाडले? १९५४चा विशेष विवाह कायदा अशा विवाहाला मान्यता देतो; पण जावयापुढे पाट मांडण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. ते काम घरच्या वडीलधाऱ्यांचेच. जावयाचा मान जर जात पाहूनच मिळणार असेल, तर तो मान जावयाचा नव्हे, जातीचाच म्हटला पाहिजे. अबोला धरलेल्या घरांनी येत्या सुटीत पहिले पत्र अशा लेकीला लिहावे.