कुलपातील टेबल

शाळेतील खेळाचे साहित्य दोन प्रकारचे असते. एक मुलांच्या हातून झिजते, दुसरे कुलपात राहते. टेबल टेनिसचे टेबल बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे ते शिक्षकांच्या खोलीत असे. त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले जात, आणि पाहुणे यावयाचे असले म्हणजे ते पुसले जाई. त्या गठ्ठ्यांत माझेही गठ्ठे असत, हे कबूल केले पाहिजे.

वास्तविक ह्या खेळाची गरज मुंबई-पुण्याच्या मुलांपेक्षा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांस अधिक आहे. मार्च सरता सरता ऊन तापू लागते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पुढे जून ते सप्टेंबर नाले भरतात, मैदानाचा चिखल होतो. जंगलाच्या कडेच्या गावांत तर वाघाच्या भीतीने आई दिवेलागणीपूर्वीच मुलास घरात बोलाविते, आणि तिचे काही चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलास रोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगला व्यायाम घडावा. ही साठ मिनिटे आणावयाची कोठून? ९ फूट लांब व ५ फूट रुंद टेबलास मात्र डोक्यावर छप्पर आणि भोवती थोडी मोकळी फरशी एवढे पुरते.

चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा, म्हणून हा खेळ म्हणजे केवळ करमणूक, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. त्यांनी एकदा बॅट हाती घेऊन पाहावी. गुडघे किंचित वाकवून डावीउजवीकडे सारखे सरकावे लागते, थोड्याच वेळात धाप लागते. समोरच्याचे मनगट कसे वळले ह्यावरून चेंडूची फिरकी ओळखून निमिषार्धात उत्तर द्यावयाचे, हा डोळा, हात व बुद्धी तिहींचा व्यायाम होय. मात्र ह्याने चष्मा सुटतो असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. दृष्टीसाठी मुलाने दिवसा उघड्यावर वावरणेच हितकर, तेव्हा मैदान मिळेल त्या दिवशी मैदानच गाठावे. १९५२ साली मुंबईस भरलेल्या जागतिक स्पर्धेत पुरुष एकेरी जिंकणारा जपानचा हिरोजी सातो चष्मा लावूनच खेळत असे.

परंतु मला लिहावयास लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. आमच्या भागात पुष्कळ घरांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, ह्यांनी तो त्रास उफाळतो. असा एक मुलगा माझ्या आठवीच्या वर्गात होता. “ह्यास खेळू देऊ नका, गुरुजी,” एवढे वडिलांनी सांगितलेले. कबड्डीच्या तासाला तो सर्वांच्या चपला सांभाळी.

पुढे त्याच्या वडिलांनी डॉक्टरांस विचारले. बेताने खेळावे, वरचेवर पाणी प्यावे, थकवा वाटताच थांबावे, असे उत्तर आले. टेबल टेनिसचा एक डाव ११ गुणांचा असतो, काही मिनिटांत आटोपतो. मग बसावे, पाणी प्यावे, वाटल्यास पुन्हा उठावे. कबड्डीत दमलेल्या गड्यास असे मनास येईल तेव्हा बाजूला होता येत नाही. तो मुलगा फार चांगला खेळू लागला असे नाही, पण चपला सांभाळावयास आम्हांस दुसरा कोणी शोधावा लागला.

प्रत्येक पालकाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. परंतु केवळ वाहक असलेल्या, अंगाने धडधाकट मुलासही भीतीपोटी बाकावर बसवून ठेवलेले मी पाहिले आहे, ते मला पटत नाही.

टेबल नसेल तेथे दोन मेजे जोडून मध्ये विटांची ओळ लावावी. इंग्लंडात हा खेळ जेवणाच्या टेबलावरच सुरू झाला. टेबल असेल तेथे किल्ली नववीच्या वर्गाकडे द्यावी. चेंडू फुटतील, फुटू द्यावेत. मुलींची पाळी मात्र फळ्यावर आधी लिहून ठेवावी, नाही तर ती नेमकी बस सुटावयाच्या वेळी येते.