विमान दीड तासाचं, प्रवास सहा तासांचा! भाईंदरच्या चाकरमान्यांना चिपीचं गणित का जमेना?

मिरा-भाईंदर : मिरा रोड आणि भाईंदरमध्ये सिंधुदुर्गातले हजारो चाकरमानी राहतात. गावाकडून आई आजारी असल्याचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, लवकर कसं पोचायचं? मोबाईलवर बघितलं तर मुंबई ते चिपी सरळ रेषेत साधारण 350 किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर 500च्या आसपास जातं.

चिपी विमानतळाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झालं. केंद्राच्या 'उडान' योजनेत अलायन्स एअरचं 70 आसनांचं एटीआर विमान मुंबईहून सुरू झालं. वेळापत्रकात प्रवास होता सुमारे 1 तास 25 मिनिटांचा. यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हेही आलं. हवेतला वेळ त्याहून कमी.

आता घरापासून हिशोब करू. भाईंदरहून दहिसर नाक्याची गर्दी काढत विमानतळ गाठायला सव्वा तास. दोन तास आधी हजर राहायचं. विमानाचा जवळपास दीड तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. चिपीहून कुडाळ किंवा मालवणकडे गाडीने पाऊण तास. झाले सहा तास!

रेल्वेचं काय? जून 2023 मध्ये सुरू झालेली वंदे भारत ठाण्याहून कणकवलीला साधारण साडेपाच तासांत नेते. भाईंदर ते ठाणे पहाटे तासभर धरला तरी साडेसहा तास. म्हणजे विमानाने वाचला फक्त अर्धा तास. पावसाळ्यात मात्र वंदे भारत रोज नसते आणि वेळही जास्त घेते. तेव्हा विमानाचं महत्त्व वाढतं. बांद्रा-मडगाव गाडी ऑगस्ट 2024 पासून बोरिवली, वसईमार्गे जाते. ती भाईंदरकरांना जवळची, पण आठवड्यातून दोनच दिवस आणि दिवसभराची.

दुसरा मुद्दा मोपाचा. गोव्याचं हे विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. चिपी आणि मोपा यांच्यात सरळ अंतर 50 किलोमीटरच्या आत. मोपाला मोठी विमानं आणि जास्त फेऱ्या, त्यामुळे सकाळचं चुकलं तरी दुसरं मिळतं. सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपाच सोयीचं. चिपीचा हक्काचा प्रवासी राहिला तो वेंगुर्ला, कुडाळ, मालवणचा.

'उडान'मध्ये ठरावीक जागांचं भाडं कमी ठेवतात आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. ती मुदत ऑक्टोबर 2024 मध्ये संपली आणि त्याच महिन्यात मुंबई-चिपी सेवा थांबली.

म्हणून नुसतं 'विमान द्या' म्हणून भागणार नाही. कंपनी कोणतीही असो, तीन गोष्टी मागायला हव्यात. विमान ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी उडावं. फेरी सकाळची असावी, म्हणजे दुपारच्या आत घर किंवा मयत गाठता येईल. आणि विमान उतरलं की कुडाळ, मालवणला जाणारी एसटी दारात उभी असावी. नाहीतर विमानाचं भाडं वेगळं आणि रिक्षा-गाडीचं वेगळं. आमदार-खासदार गावात येतील तेव्हा त्यांना हेच विचारा.