झेंडावंदन अर्ध्यावर सोडू नका

ऑगस्ट उजाडला की एक आक्षेप हमखास कानावर येतो. तो घेणारी माणसे बहुधा शिकलेली आणि सरळ मनाची असतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे : प्रभातफेरी, झेंडावंदन, भाषणे हा सगळा वरून आलेल्या परिपत्रकाचा सोपस्कार आहे. मुलांना सकाळी रांगेत उभे करायचे, पाहुण्यांचे सत्कार उरकायचे, खाऊ वाटून घरी पाठवायचे. यात आपल्या जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या कांदा काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे असे काय आहे? देशप्रेम मनात असते, त्याला खांब आणि दोरी कशाला हवी?

परिपत्रकाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो साफ चुकीचा आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर लोकांनी स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला. सरकार तेव्हा इंग्रजांचे होते. कोणी हुकूम काढला नव्हता, उलट झेंडा हाती घेणाऱ्याच्या पाठीवर लाठी बसत होती. त्याच वर्षी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीने पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आज आपल्या शाळेच्या फेरीत नववी-दहावीची मुले चालतात, त्याच वयाचा. सरकारी कार्यक्रम व्हायच्या कितीतरी आधी ही चाल लोकांनी पाडली. सरकारने ती नंतर उचलली, एवढेच.

आणि आपल्या मुलखाला तर हे सांगावे लागू नये. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवायला तो रस्त्यात आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय बावीस. तो पुढारी नव्हता, वक्ता नव्हता. घरची गरिबी म्हणून मुंबईची वाट धरलेला आपल्याकडचा एक पोरगा. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांतून अशी पोरे मुंबईला गेली आणि आजही जातात. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे. राष्ट्रीय सणात माझे काय, असे विचारणाऱ्याने आधी आपल्या घरातून मुंबईला कोण कोण गेले ते आठवावे. त्या आठवणीतून बाबू गेनूपर्यंत पोचायला फार चालावे लागत नाही.

आता मनातल्या देशप्रेमाबद्दल. बैलावर शेतकऱ्याची माया बारा महिने असते, म्हणून भाद्रपदातला पोळा कोणी रद्द करत नाही. त्या दिवशी शिंगे रंगवली जातात, खांदे मळले जातात आणि जूही मानेवर येत नाही. नुसती मनात ठेवलेली माया हळूहळू विरते, तिला वर्षातून एकदा हाताला काम लागते. झेंड्याचेही तसेच आहे. आदल्या संध्याकाळी शाळेत झेंड्याची घडी घालणारे हात कधी जवळून पाहा. कापड चार पदरी दुमडायचे, केशरी पट्टा वर राहील याची खात्री करायची, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या आणि सुरगाठ अशी मारायची की सकाळी एका हिसक्यात सुटली पाहिजे, पण त्याआधी वाऱ्याने सुटता कामा नये. गाठ जमेपर्यंत दोन-तीनदा दोर ओढून पाहतात. हे करणाऱ्याला कोणी देशभक्त म्हणत नाही, भाषणात त्याचे नाव येत नाही. पण 'मनात असलेले' देशप्रेम दिसते कसे, असे कोणी विचारले तर मी या बोटांकडे बोट दाखवीन.

खरा जड आक्षेप तिसराच आहे, आणि तो मी हलका करणार नाही. कांद्याला भाव नाही, शेतीपंपाची वीज रात्रीची येते, उसात बिबट्या बसलेला असतो. २०२४ साली याच पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याने बायकांचे जीव घेतले. ज्या घरातली बाई शेतात काम करताना गेली, त्या घराला झेंड्याकडे पाहून काय वाटावे?

याचे उत्तर झेंड्याच्या खांबाशी नाही. ते तिथून थोड्या अंतरावर, ग्रामपंचायतीत आहे. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास ग्रामसभा घेण्याची रीत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. सकाळी ज्या स्वातंत्र्याला सलामी दिली, ते वापरायची ही जागा. आणि आपण काय करतो? झेंडा चढला, राष्ट्रगीत झाले की घरची वाट धरतो. शंभर माणसे किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातली जी संख्या कमी तिच्यावर गणपूर्ती भागते, तरी ती होत नाही. सभा तहकूब होते, मग पुढची सभा गणपूर्तीशिवाय चालते आणि नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरते. झेंडावंदन पोकळ वाटते ते यामुळे. त्याचा उत्तरार्ध आपणच सोडून दिला आहे.

सणाच्या दिवशी गावात वाद नकोत, म्हणून ग्रामसभा दुसऱ्या दिवशी घ्यावी, असेही काही म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, पाणंद रस्ता कोणी अडवला, पिंजरा कुठे लागला आणि कुठे लागला नाही, हे सरपंचाला तोंडावर विचारता येणे हाच त्या दिवसाचा मान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या लोकांनी मे २०२२ मध्ये विधवांवरच्या जुलमी प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. ठराव खालून वर गेला. बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी भरायला न जाणाऱ्या बाईने आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत उठून दिवसा विजेची मागणी लिहून घ्यायला लावली, तर तिचा स्वातंत्र्यदिन कोणाहीपेक्षा पुरा साजरा झाला असे मी म्हणेन. वीज लगेच मिळेल असे नाही. पण मागणी कागदावर तिच्या नावाने राहील आणि ती पुढच्या सभेत विचारता येईल.

दुसऱ्या टोकाला मोटारसायकलींवर मोठाले झेंडे लावून हॉर्न वाजवत फिरणारे आहेत. जो त्यांच्यात नाही त्याच्या निष्ठेवर ते संशय घेतात. घोषणेचा आवाज हे देशप्रेमाचे माप नाही, याहून त्यांना वेगळे उत्तर नको. मात्र दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले झेंडे उचलायला त्यांनी यावे. झेंडा जमिनीवर पडू देऊ नये, असे ध्वजसंहिताच सांगते.

झेंड्याच्या कापडाबद्दलही माझे एक म्हणणे आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली. कायद्याला ते चालते. पण ज्या मुलखातल्या बाबू गेनूने कापडाच्या प्रश्नावर जीव दिला, त्या मुलखातल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी तरी खादीचाच झेंडा घ्यावा. आपल्याच राज्यात नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. तो महाग पडतो खरा, पण जपून वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो.

तेव्हा येत्या १५ ऑगस्टला मुलांबरोबर फेरीत चाला, झेंड्याला सलामी द्या आणि तसेच ग्रामपंचायतीत या. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी ठेवली असेल तर त्या दिवशी या. नोंदवहीत सही स्वतःच्या हाताने करा, घरी आलेल्या वहीवर करू नका. आणि दिवसा विजेचा ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय उठू नका.