पंप बदलून टाका!

‘बदलून टाका’ हे दोन शब्द या देशात कायद्याने बंद करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं मत बँकेत कोणी विचारत नाही आणि घरी विचारलं तरी ऐकत नाही, तेव्हा ते छापून येणं भागच आहे. मिक्सरचं भांडं गळतंय? मिक्सर बदलून टाका. टीव्हीवर रेघ येतेय? टीव्ही बदलून टाका. गुडघा दुखतोय? तोही बदलतात हल्ली. या यादीत पुढचा नंबर कोणाचा, अशा नजरेने सौ. माझ्याकडे बघू लागल्यापासून तर माझं मत फारच पक्कं झालं आहे.

जमिनीवर हे एकवेळ चालतं. मिक्सर बंद पडला म्हणून कोणी बुडत नाही, फार तर चटणी पाट्यावर वाटावी लागते. पाण्यात मात्र हिशोब निराळा आहे.

आमचं नावडे पनवेल तालुक्यात, कासाडी नदीच्या बाजूला. गावाच्या नावातच नाव आहे आणि नावडणंही आहे, यापलीकडे या गावाचं वर्णन मला करता येणार नाही. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती, मधून दिवा-पनवेल रेल्वे आणि तिचं नावडे रोड स्टेशन, आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढत खाडीकडे निघालेली कासाडी. याच तळोज्यात २०१७ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावर निळी कुत्री फिरताना दिसली आणि त्यांचे फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कुत्री धुऊन तरी काढता येतात, मासे धुऊन परत नदीत सोडता येत नाहीत. कारखान्यांच्या पाण्याने नदीतली मासळी गेली, अशी इथल्या कोळ्यांची जुनी तक्रार आहे आणि ती राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जाऊन आली आहे. जवळ मासा नाही म्हणजे लांब खाडीत जाणं आलं. लांब जायचं तर वल्ह्याने दंड भरून येतात, म्हणून इंजिन आलं. आणि इंजिन आलं की ‘बदलून टाका’ आलंच.

हे इंजिन म्हणजे औटबोर्ड. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं, डोकं वर आणि पंखा पाण्यात. नॉर्वेत जन्मलेल्या ओल इव्हिनरूड नावाच्या अमेरिकन कारागिराने १९०९ च्या सुमारास असं इंजिन बाजारात आणलं. मैत्रिणीसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आणलेलं आईस्क्रीम वाटेतच वितळलं म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. आमच्याकडच्या होडीत आईस्क्रीम नसतं, नशीब असेल तर जिताडा असतो. पण उन्हात दम न धरण्याच्या बाबतीत दोघंही सारखेच.

आमच्या शाखेचे एक जुने खातेदार आहेत. वयाने, मानाने आणि मिशीने सगळ्यांचेच मामा. गेल्या वर्षी ते पासबुक भरायला आले आणि काउंटरवर टेकून म्हणाले, “साएब, इंजान चालू व्हतंय, पर जोर दिला का मरतंय.” मी म्हटलं, “मामा, आमच्या शाखेचंही तसंच आहे. तुम्ही पुढे बोला.”

पुढची हकीगत हसण्यासारखी नव्हती. मामांनी इंजिन शहरातल्या एका वर्कशॉपात नेलं. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने त्याचं झाकणही न काढता निदान केलं: फ्युएल पंप गेला, बदलून टाका. मामांनी पंप बदलला. तीन दिवस इंजिन बरं चाललं. चौथ्या दिवशी ऐन ओहोटीला, खारफुटीच्या कडेला ते पुन्हा मेलं. पाणी उतरलं, होडी चिखलात बसली. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, मामांनी ते त्या रात्री मोजलं. डास, काळोख, बर्फ संपलेली पेटी आणि सोबतीला नवा कोरा पंप! सकाळी वर्कशॉपात गेले तर टायवाला म्हणाला, “मग आता कार्बुरेटर बदलून टाका.”

आता हा पंप म्हणजे काय दिव्य वस्तू आहे ते सांगतो. मी बी.कॉम. आहे, म्हणजे मला समजलं ते कोणालाही समजेल. साध्या टू-स्ट्रोक औटबोर्डमधला हा पंप तळहातावर मावतो. पिस्टन वर-खाली होतो तसा इंजिनाच्या पोटातला दाब कमी-जास्त होतो. त्या धडधडीवर पंपातला एक पातळ पडदा पुढे-मागे हलतो, दोन झडपा आळीपाळीने उघडमीट करतात आणि टाकीतलं पेट्रोल कार्बुरेटरकडे ढकललं जातं. वायर नाही, वीज नाही, कॉम्प्युटर नाही. बिघडण्यासारखं त्यात मुख्यतः काय, तर पडदा, झडपा आणि गॅस्केट. पुष्कळ इंजिनांसाठी त्यांचा संच वेगळा मिळतो आणि तो अख्ख्या पंपाच्या मानाने किरकोळ पैशात येतो. पण संच मागितला की दुकानदार असा चेहरा करतो, जणू आपण आख्खी साडी सोडून नुसती किनार मागितली.

पण पडदा फाटलाय की नाही हे बघायच्या आधी, मुळात चूक पंपाची आहे की नाही हे बघायला नको का? टाकी आणि इंजिन यांच्या मधल्या नळीवर एक रबरी फुगा असतो, सुरुवातीला पेट्रोल चढवण्यासाठी दाबायचा. देवाने हा फुगा निदानासाठीच दिला आहे. इंजिन मरायला लागलं की फुगा दाबा. दाबल्यावर जीव धरलंन, तर पेट्रोल कमी पोचतंय हे नक्की. मग फुग्याकडे नुसतं बघा. तो आपोआप चपटा होत असेल, तर पंप बिचारा ओढतोय, मागूनच येत नाहीये: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला असेल, टाकीतली जाळी तुंबली असेल, नळी आतून बसली असेल. फुगा कितीही दाबून घट्टच होत नसेल, तर कुठेतरी हवा घेतोय किंवा त्याची झडप गेलीय. ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. वर्कशॉपात ती का होत नाही, याचं उत्तर या वाक्याच्या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

मामांचं इंजिन शेवटी गावातल्या रिक्षा दुरुस्त करणाऱ्या पोराने बघितलं. फुगा चपटा. नळी बाहेरून नवरदेवासारखी तुकतुकीत. पोराने ती उभी चिरली, तर आतलं अस्तर सुटून त्याची जीभ झाली होती. इंजिनाने जोर केला की जीभ आडवी येऊन वाट बंद करायची. नळी बदलली, इंजिन चालू. मामांनी जुना पंप वर्कशॉपातून भांडून परत आणला होता. तो उघडला, तर आतला पडदा ठणठणीत!

आम्हा बँकवाल्यांना हा प्रकार नवीन नाही. ताळा जुळला नाही की फरक शोधायचा असतो. शोधायचा कंटाळा आला की तो सस्पेन्स खात्यात टाकतात आणि घरी जातात. पण सस्पेन्स खातं निदान पुढच्या ऑडिटला उघडतं. वर्कशॉपवाला आपला फरक मामांच्या खात्यात टाकतो आणि ते ऑडिट खाडीत होतं, रात्री.

पंप कधीच बदलू नये असं नाही. घर तडकलं असेल, पृष्ठभाग वाकला असेल, झडपेची बैठकच झिजली असेल, तर खुशाल बदला. पडद्याला भोक पडलं असेल तर आजच बदला, कारण पेट्रोल त्या वाटेने थेट इंजिनाच्या पोटात जातं. पण बदलताना इंजिन थंड असू द्या, विडी लांब असू द्या, गॅस्केट नवीच घाला, पडद्यांचा क्रम लक्षात ठेवा आणि शेवटी फुगा दाबून कुठे थेंब येतोय का ते बघा. आणि मुख्य म्हणजे, पडदा का गेला ते विचारा. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, जुन्या रबराला सोसत नाही, आणि कित्येक औटबोर्डच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि होडी मराठीत.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं. त्यासाठी क्षेत्रं निवडली चार: शेतीची अवजारं, मोबाईल वगैरे, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या. होडी नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला आहे. मग मासेमारी ही शेती, तर औटबोर्ड हे शेतीचं अवजार, असा माझा सरळ हिशोब आहे. हा दर्जा नुसता कर्जाच्या फॉर्मपुरता नसेल, तर औटबोर्ड कंपन्यांनी सुट्या भागांची यादी, किमती आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत त्या पोर्टलवर टाकावी. नांगराला फाळ वेगळा मिळतो ना? नांगर बदलून टाका असं कोणी म्हणत नाही.

आणि वर्कशॉपच्या बिलावर भाग, मजुरी आणि जीएसटी असे तीन रकाने असतात, तिथे चौथा छापावा: ‘कारण’. मामांनी परवा तोच मुद्दा काढला. टायवाला म्हणाला, “आमच्या सिस्टीममध्ये तो कॉलम नाही.”

“मंग सिस्टीम बदलून टाका,” मामा म्हणाले.