फिरत्या घराची शिदोरी

अमेरिकेंत मोटारीमागें जोडून नेण्याचें एक लहानसें घर असतें. त्यास तिकडे कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात. चूल, बिछाने, न्हाणी, शीतपेटी असा सारा संसार एका खोलीएवढ्या जागेंत मांडलेला असतो. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत, आणि येथून गेलेल्या आईवडिलांस अशा घरांतून डोंगरांत नेण्याची हौसही कांहीं घरांत दिसून येते. म्हणून या महिन्यांत त्या घराच्या बॅटरीविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त घडलें तें असें. आमच्या आप्तांपैकीं एक कुटुंब कोलोरॅडो राज्यांत राहतें. गतवर्षीं सप्टेंबरांत सर्व मंडळी डोंगरांत मुक्कामास गेली असतां पहाटे तीनच्या सुमारास ऊब देणारी भट्टी बंद पडली. या भट्टींत जळतो तो गॅस. परंतु ऊब खोलीभर पसरविणारा पंखा विजेवर चालतो, आणि पंखा थांबला कीं सुरक्षेसाठीं ज्वालाही विझते. बॅटरी रिकामी झाली होती. रात्रीं जनित्र चालविण्यास तेथें मनाई. दम्याचा विकार असलेल्या आजीबाईंस घरांतील सगळ्या शालींत गुंडाळून उजाडेपर्यंत बसवून ठेवावें लागलें. परत आल्यावर पाहतात तों बॅटरींतील पाणी आटून पत्रे उघडे पडलेले! पाणी घालावयाचें कोणी, यावर बापलेकांत वाद झाला, आणि नवी बॅटरी कोणती घ्यावी, असें आम्हांस विचारण्यांत आलें.

दुकानांत जाण्यापूर्वीं एका रात्रीचा हिशेब कागदावर मांडावा, हें आमचें पहिलें सांगणें. एक अँपिअर प्रवाह एक तास चालला म्हणजे एक अँपिअर-तास खर्ची पडला. भट्टीचा पंखा सुमारें ७ अँपिअर घेतो. थंड रात्रीं तो पांच तास चालला तर ३५ झाले. दिवे व पाण्याचा पंप मिळून ५ धरावे. शीतपेटीचें नियंत्रण आणि गॅसगळतीची सूचना देणारें यंत्र यांचा प्रवाह थोडा, पण तो अहोरात्र चालूच असतो. त्याचे १५ धरावे. एकूण ५५ झाले.

ट्रेलरसोबत पुष्कळदां जी एकच बॅटरी मिळते ती ७५-८० अँपिअर-तासांची असते. मग ती एक रात्रही कां पुरूं नये? कारण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक वारंवार उपसली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, आणि कडक थंडींत ती मुळांतच कमी देते. वर लिहिलेल्या आंकड्याचा अर्धा भागच आपला समजावा. मोटार सुरू करण्याची बॅटरी तर या कामास मुळींच घेऊं नये. क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं तिचे पत्रे पातळ केलेले असतात; खोल उपसा त्यांस सोसत नाहीं.

आतां निवड. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. गोल्फच्या मैदानावरील गाड्यांत वापरतात त्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागें एक जोडल्या कीं १२ व्होल्ट मिळतात. अँपिअर-तास मात्र दुप्पट न होतां एकीचेच, म्हणजे सुमारें २२०, राहतात. त्यांतील निम्मे ११० धरले तरी दोन रात्री निभावतात. किंमत बेताची, पण प्रत्येकीचें वजन २८ किलोंच्या आसपास, आणि ऊर्ध्वपातित पाणी वेळोवेळीं घातलेंच पाहिजे. चार्ज होतांना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी. पाण्याची दगदग नको असेल त्यानें अधिक पैसे मोजून शिशाचीच बंदिस्त बॅटरी घ्यावी.

दुसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेटचा. त्याच्या धनाग्राचें द्रव्य टेक्सास विद्यापीठांत गुडइनफ, पाढी व नंजुंडस्वामी यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांतून पुढें आलें. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी १२-१३ किलोंची असून तिच्यांतील ८० सहज वापरतां येतात. पाणी नाहीं, वायू नाहीं. परंतु पारा शून्याखालीं गेला असतां ती चार्ज करूं नये. आंतील भाग कायमचा बिघडतो. शिवाय ट्रेलरमधील जुना चार्जर तिला पूर्ण भरील कीं नाहीं, तें आधीं पाहावें लागतें.

आमच्या आप्तांचा ट्रेलर हिंवाळाभर बर्फांत अंगणांत उभा असतो आणि बॅटरीची पेटी बाहेर, जोडदांड्यावर आहे. म्हणून आम्हीं त्यांस ६ व्होल्टची जोडी सुचविली. मात्र एका अटीवर. पाणी घालणारें माणूस आधीं ठरवावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, हा एकत्र कुटुंबांतील जुना अनुभव येथेंही खरा ठरतो. नेमलेल्या माणसानें महिन्यांतून एकदां झांकण उघडून पाहावें, आणि हिंवाळ्यापूर्वीं बॅटऱ्या पूर्ण भरून तारा सोडवून ठेवाव्या. रिकामी बॅटरी गोठून फुटते. भरलेलीस तें भय जवळजवळ नसतें. त्या दोन्ही एकाच वेळीं घ्याव्या. म्हाताऱ्या बैलाशेजारीं गोऱ्हा जुंपला तर दोघेही लवकर थकतात. जोडणी करतांना हातांतील अंगठ्या-बांगड्या काढाव्या, आणि धन तारेवर बॅटरीजवळच फ्यूज असावा.

पत्राचें उत्तर आलें. जोडी आली आहे. पाण्याचें काम आजोबांनीं मागून घेतलें असून, ते येथें परतले म्हणजे तें थोरल्या नातीकडे जावयाचें आहे. बॅटरी कोणती घेतली याहून ही व्यवस्था झाली, याचेंच आम्हांस अधिक समाधान वाटलें.