नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

फॉर्मवर नॉमिनीचं नाव घातलं की वारसाहक्काचं काम संपलं, ही समजूत घरोघरी घट्ट बसली आहे. शेअर्सचा नॉमिनी आपोआप मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तरी भावंडं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतातच. हे टाळायचं तर मृत्युपत्र करावं; त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. एवढं सोपं काम आपण अशुभ मानून टाळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कराची भीती म्हणावी, तर वारशावरची इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली.

देणगीचं दुखणं वेगळं. नव्या करप्रणालीत देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. पण म्हणून वाचनालयांना, वसतिगृहांना देणारे हात आखडू नयेत. मृत्युपत्रातून संस्थेला देणगी कशी ठेवावी, यावर या अंकात सविस्तर लेख आहे.